कापूस, शेअर आणि चांदीचे तोडे

एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची भिस्त हिंदुस्थानी कापसावर आल्यामुळे पुढील चार वर्षांत मुंबईत पैशाचा अभूतपूर्व ओघ सुरू झाला. वरवर पाहता या पैशाचे विविधीकरण, म्हणजे निरनिराळ्या मालमत्तांत वाटप, झालेही होते. 1865 च्या आरंभी शहरात 31 बँका, 16 वित्तसंस्था, 20 विमा कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या 8 भूमी-कंपन्या होत्या. परंतु बँका शेअर तारण घेऊन कर्ज देत, त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जात आणि या साऱ्या उलाढालीचा पाया कापसाचा चढा भाव हाच असल्यामुळे नावे अनेक असली तरी जोखीम एकच होती. युद्ध संपल्याची वार्ता येताच कापूस गडगडला, 1 जुलै 1865 रोजी पुरे करावयाचे वायदे, म्हणजे आज भाव ठरवून पुढील तारखेस देवघेव करण्याचे करार, शेकड्यांनी बुडाले आणि 2,850 रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर 87 रुपयांवर आला.

याच कापसाचा जो पैसा खेड्यापाड्यांत गेला, त्याची वाट मात्र वेगळी होती. शेतकऱ्याच्या हाती रोख रुपये उरले की ते सोनाराच्या मुशीत वितळून तोडे, वाळे, गोठ यांच्या रूपाने घरातील स्त्रियांच्या अंगावर जात. रुपयाचे वजन बरोबर एक तोळा असल्यामुळे तराजूच्या एका पारड्यात रुपये टाकून दुसऱ्यातील दागिना तोलता येई, आणि टाकसाळ खुली असल्यामुळे, म्हणजे कोणीही चांदी नेऊन सुमारे दोन टक्के घटीने तिचे नाणे पाडून घेऊ शकत असल्यामुळे, दागिन्याची किंमत रुपयाला बांधलेली राही. पीक बुडाले तरी या चांदीचे मोल पिकाबरोबर बुडत नसे; एका बाजूचे नुकसान दुसरीकडून भरून काढण्याची जी तजवीज आज हेजिंग म्हणून ओळखली जाते, ती हीच. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दागिन्यांची चांदी मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टाकसाळीत वितळण्यास आली, आणि ते दागिने मोडताना घरोघरी काय वाटले असेल याची नोंद कोणत्याही अहवालात नसली तरी त्यांनी किती चुली पेटत्या ठेवल्या असतील याचा अंदाज त्यावरून येतो. अर्थात सावकाराच्या पाशात सापडलेल्यांची चांदी त्याआधीच गेलेली होती, आणि 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्याला सावकारांविरुद्ध जे दंगे उसळले त्यामागे हीच नागवणूक होती.

1873 पासून सोन्याच्या तुलनेत चांदी उतरत गेली, तशी विलायतेत पौंडांत भरावयाची रक्कम सरकारला जड होऊ लागली, म्हणून 26 जून 1893 रोजी जनतेच्या चांदीसाठी टाकसाळ बंद करून रुपयाचा भाव त्यातील धातूहून वर धरण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. सरकारी तिजोरीचा भार त्यामुळे हलका झाला, पण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचे मत कोणी विचारले नव्हते: 1897 पर्यंत रुपयातील चांदीचे मोल रुपयाच्या सुमारे दोन-तृतीयांशावर आले होते, आणि त्याच सुमारास पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा चाळीस रुपये वितळून घडवलेले तोडे मोडणाऱ्या कुटुंबाच्या पदरी त्यांतून चाळीस रुपये पडणे शक्य राहिले नव्हते.