तोंडवळ्याची साक्ष

बंजारा समाजाच्या सभांत आणि लेखनात एक दावा वारंवार भेटतो. युरोपातले जिप्सी, म्हणजे रोमा, हे आपलेच भाऊबंद. मग दोन छायाचित्रे शेजारी ठेवली जातात. एकीकडे किनवट-माहूरकडच्या तांड्यातली फेटिया-कांचळी घातलेली, घुगरी-चोटला लेवून दंडापर्यंत बलिया भरलेली म्हातारी. दुसरीकडे बाल्कनातली घेरदार झग्यातली रोमा बाई. नाक, डोळे, रापलेला वर्ण सारखाच. कुणालाही पटावे असे हे चित्र आहे. मात्र तोंडवळा पुराव्यात धरायचा तर त्याची उलटतपासणी करावी लागते, आणि त्यासाठी सुदैवाने कागद शिल्लक आहेत.

रोमांकडून सुरुवात करू. 1427 मध्ये ते पॅरिसच्या वेशीवर आले तेव्हाचे वर्णन एका पॅरिसकराच्या रोजनिशीत आहे. त्यांच्या कानांत चांदीच्या बाळ्या होत्या, बायकांचे केस घोड्याच्या शेपटासारखे काळे होते आणि तोंडे काळी होती. हे लोक हिंदुस्थानचे असतील, असे मात्र त्या लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आले नाही. पुढची साडेतीन शतके युरोप त्यांना इजिप्तचे समजत राहिला. ‘जिप्सी’ हा शब्दच त्या चुकीतून निघाला. म्हणजे तोंडवळा सगळ्यांसमोर होता, पण त्यावरून कोणालाच घर सापडले नाही.

घर सापडले ते शब्दांवरून. 1776 मध्ये व्हिएन्नात एक हकिकत छापून आली. लायडनला शिकताना वाली नावाच्या हंगेरियन पाद्र्याने मलबारच्या विद्यार्थ्यांकडून शब्द टिपून घेतले, आणि ते त्याच्या गावाकडच्या जिप्सींना कळले, अशी ती गोष्ट. ती जशीच्या तशी गिळू नये, कारण मलबारची भाषा द्राविडी आणि रोमांची आर्य कुळातली. तरी तपासाची दिशा बरोबर निघाली. 1782 मध्ये र्‍युडिगर आणि 1783 मध्ये ग्रेलमान या जर्मन अभ्यासकांनी हिंदुस्थानी भाषेशी तुलना छापली. रोमानीत घराला ‘खेर’ म्हणतात आणि भावाला ‘फ्राल’. घ चा ख झाला, भ चा फ झाला, आणि तोही नियमाने. योगायोग इतका शिस्तीत चालत नाही.

आता गंमत पाहा. एक ते सहा हे रोमानी आकडे आपल्या कानाला ओळखीचे वाटतात: येक, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव. मग एकदम एफ्ता, ओख्तो, एन्या! सात, आठ, नऊ ग्रीक आहेत. रस्त्याला ‘द्रोम’ म्हणतात, तोही ग्रीक. घोड्याला ‘ग्रास्त’, हा आर्मेनियातून उचललेला. ज्या मुलखात मुक्काम पडला तिथला शब्द पडशीत पडला. 1926 मध्ये भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नरने या शब्दांचे थर सोलून दाखवले: मूळ मध्य भारताकडचे, पुढे बराच काळ वायव्येकडे. 2012 मध्ये आनुवंशिकीचा अभ्यास आला, त्यानेही वायव्य भारत आणि सुमारे 1500 वर्षांपूर्वीचा निरोप असाच निष्कर्ष काढला.

बंजाऱ्यांची पडशी वेगळीच आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1907 च्या खंडात बंजारी बोलीचे नमुने आहेत. तिचे नाते राजस्थानी-गुजरातीशी, वाक्याच्या शेवटचा ‘छ’ त्याच घरचा, आणि वर ज्या मुलखात तांडा उतरला तिथल्या मराठी, तेलुगू, कानडीचा लेप. सात, आठ, नऊ जवळपास आपलेच. ग्रीक नाही, आर्मेनियन नाही.

त्यांच्या तांड्यांचे कागद तर सतराव्या शतकापासूनचे आहेत. वऱ्हाडातल्या कंबरलेज या अधिकाऱ्याने नोंदवलेली भंगी-जंगी नायकांची कथा सगळ्यांना ठाऊक असते: 1630 च्या सुमारास मोगल फौजेमागे 1,80,000 बैल आणि सवलतींचा ताम्रपट. ती ऐकीव आहे. मला इंग्रज प्रवासी पीटर मंडी जास्त भरवशाचा वाटतो. 1632 मध्ये त्याने धान्याने लादलेल्या 14,000 बैलांचा तांडा उत्तरेकडच्या वाटेत स्वतः पाहिला. पुढे 1803 च्या मोहिमेत, जिच्यात जालन्याकडची असईची लढाई झाली, इंग्रज सेनानी वेलस्लीच्या पत्रांत ‘ब्रिंजारी’ आणि त्यांचे धान्य सतत डोकावते. मंडीला तो तांडा दिसला तेव्हा रोमांना पॅरिस पाहून दोनशे वर्षे उलटली होती. दूरचा पूर्वज एक असेल, वायव्येकडचे किती तरी लोक त्या अर्थाने एकमेकांचे चुलत आहेत. पण ‘भाऊबंद’ म्हणायला कागद तयार नाहीत. आणि त्या छायाचित्रातला झगा तर युरोपातच शिवलेला.

एवढे लांबचे नाते तोंडवळ्यावर जोडणाऱ्या आपल्या भागात जवळचे नाते मात्र कागदाने तोडले आहे, आणि इथे कागदाकडेही संशयाने पाहावे लागते. 1956 पर्यंत नांदेड, बिदर, आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. 1 नोव्हेंबरला रेघा ओढल्या गेल्या. किनवट आदिलाबादमधून नांदेडात आले, मुधोळ नांदेडातून आदिलाबादेत गेले. उदगीर, अहमदपूर, निलंगा बिदरातून तेव्हाच्या उस्मानाबादेत आले. 1982 मध्ये त्यांच्यासह लातूर जिल्हा झाला. रेघेच्या दोन्ही अंगांना राठोड, पवार, चव्हाण, जाधव तेच, गोर (आपले) आणि कोर (परके) हा भेदही तोच. पण महाराष्ट्रातला बंजारा विमुक्त जातींत, कर्नाटकातला अनुसूचित जातींत, आणि 1976 च्या दुरुस्ती कायद्यानंतर तेलंगणातला अनुसूचित जमातींत. एका कुळाचे दाखले तीन रंगांचे.

2025 च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणासाठी सरकारने निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य केला, तेव्हा मराठवाड्यातल्या बंजाऱ्यांनीही त्याच गॅझेटवर बोट ठेवून अनुसूचित जमातीचा दाखला मागितला. आदिवासी संघटनांनी त्याला विरोध केला. बंजाऱ्यांचे मोर्चे निघाले. हातातल्या फलकांवर पॅरिस नव्हते, बाल्कनही नव्हते. निजामाच्या जुन्या दप्तराचे नाव होते.