दहा बोटं आणि हयातीचा दाखला

गेल्या नोव्हेंबरात बाबांना घेऊन बदलापुरातल्या एका सेवा केंद्रात गेलो होतो. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला काढायचा महिना. बाबांची उमेद अंबरनाथला लेथवर गेली. यंत्रावर एकेक करून दहाही बोटं ठेवून झाली, एकही जुळेना. मागे रांग वाढत होती. बाबा वैतागून म्हणाले, "अहो, मी समोर उभा आहे की!"

या रांगेचं मूळ बंगालमध्ये सापडतं. 1858 साली जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी करार केला आणि कागदावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. उद्या गड्याने करार नाकारू नये, एवढाच हेतू. पुढे 1877 मध्ये हुगळीला त्याने पेन्शनसाठीही बोटांचे ठसे सुरू केले, कारण मेलेल्याच्या नावावर भलताच कुणी पैसे उचलायचा. म्हणजे बघा, आपला हयातीचा दाखला तेव्हापासूनचा!

1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचा ब्युरो निघाला. पद्धतीला नाव लागलं एडवर्ड हेन्रीचं. वर्गीकरणासाठी डोकं चालवलं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. (हे नेहमीचंच.) आणि मग हेच तंत्र दुसरीकडे वळलं. 1911 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदलेल्या माणसाचे ठसे कधीही घेण्याची मुभा पोलिसांना मिळाली. आपल्याकडच्या पारध्यांना हा जाच चांगलाच ठाऊक आहे. गुन्हा घडायच्या आधीच बोटं दप्तरात! कायदा रद्द झाला तो 1952 मध्ये.

पण नाण्याची दुसरी बाजू आमच्या शेजारीच आहे, उल्हासनगरात. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत आली. 1949 मध्ये गावाला उल्हासनगर नाव मिळालं, तरी पत्ता आजही 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतात. कित्येकांची घरंदारं आणि कागदपत्रं सिंधमध्येच राहिली. अशा माणसाला अंगावरून कुणी काढून घेऊ शकणार नाही अशी ओळख किती मोलाची वाटली असती! 2010 मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हा वचन हेच होतं.

मला भीती चोरीपेक्षा निराळ्या गोष्टीची वाटते. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलत नाही, हे खरंच. पण धुणी-भांडी करणारी बाई, गवंडी, लेथवरचा कामगार यांच्या बोटांच्या रेषाच झिजतात. म्हणजे ज्याला रेशनची सर्वाधिक गरज, त्याचाच अंगठा उठत नाही. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने आधार वैध ठरवलं, तेव्हा न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळा निकाल लिहिला आणि अशा वगळल्या जाणाऱ्यांकडे बोट दाखवलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. ठसा जुळला नाही तर दुसरा मार्ग तिथल्या तिथे, न मागता मिळायला हवा.

आमच्या बाबतीत तो मिळाला, कारण केंद्रातला पोरगा भला होता. पेन्शनवाल्यांना 2021 पासून चेहऱ्यावरूनही दाखला काढता येतो. त्याने मोबाइल बाबांसमोर धरला आणि म्हणाला, "काका, जरा डोळे मिचकवा."

बाबांनी मिचकवले.