कोयनेच्या आलेखाचे पाठभेद

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. ६.३ रिश्टर मापाच्या या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. त्याचा इतिहास बहुधा एकाच प्रश्नाभोवती लिहिला जातो: जलाशयामुळे भूकंप झाला काय? प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्यामुळे त्या पहाटेचा एक अस्सल दस्तऐवज दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे धरणाच्या पोटातील गॅलरीत उमटलेला, काही सेकंदांचा आलेख.

दूरचे भूकंप टिपणारे नाजूक यंत्र जवळच्या मोठ्या धक्क्यात निरुपयोगी ठरते. त्याची रेघ कागदाबाहेर जाते. तेथे प्रवेगमापक लागतो. त्या काळी हे यंत्र निद्रिस्त असे आणि हादरा बसल्यावरच जागे होई, म्हणजे आरंभीचा क्षण त्याच्या हातून निसटेच. शिवाय ते प्रस्तरभंगाजवळ आधीच बसवलेले असावे लागते. स्थिर समजल्या गेलेल्या दख्खनच्या पठारावर ते होते, हे विशेषच. कॅलिफोर्नियातील एल सेंट्रो (१९४०) येथे नोंदलेला कमाल प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या सुमारे ३३ टक्के होता, तर पार्कफिल्ड (१९६६) येथे सुमारे ५० टक्के. कोयनेत धरणाच्या लांबीच्या दिशेने ६३, प्रवाहाच्या दिशेने ४९ आणि उभ्या दिशेने ३४ टक्के नोंद झाली. आराखड्यात भूकंपासाठी धरलेला गुणांक ५ टक्क्यांचा होता. (हे दोन आकडे एकाच जातीचे नव्हेत, त्यामुळे सरळ तुलना फसवी ठरते; तरीही अंतर डोळ्यांत भरते.)

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ओळखीची वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. कागदावरच्या रेघांचे आकडे करताना आधाररेषा दुरुस्त करावी लागते. एका प्रचलित दुरुस्त प्रतीत ४९ चे सुमारे ४७ झाले आहेत. शिवाय यंत्र धरणातच असल्याने जमिनीच्या हालचालीत काँक्रीटची स्वतःची थरथर कितपत मिसळली, ही शंका उरतेच. म्हणजे हा मूळ पाठही काहीसा संस्कारितच.

तरीही जगभरचे धरण-अभियंते आपली गणिते याच आलेखावर पडताळतात. पायथ्यापासून सुमारे ६६ मीटरवर, जेथे १०३ मीटर उंच धरणाचा उतार बदलतो, तेथेच भेगा पडल्या होत्या. गणितातही त्या तेथेच पडतात काय, ही कसोटी. पुढे याच भागाला मागून काँक्रीटचे टेकू देण्यात आले. गावातल्या हादऱ्याचा अंदाज मात्र पडलेल्या भिंतींवरून आणि वाचलेल्यांच्या सांगण्यावरूनच बांधला गेला.