तिजोरीतली किल्ली

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, सनावळ्या असतात. आवराआवरीचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. वास्तविक लढायांच्या खालोखाल जगाचं नुकसान कुणी केलं असेल, तर ते ‘हे कशाला हवंय इथं?’ या प्रश्नानं. दिवाळीच्या आधी माळ्यावर चढलेल्या माणसाला हा प्रश्न पडतो, आणि होळीच्या दिवशी पुरणयंत्राची जाळी सापडत नाही. गेली चाळीसेक वर्षं हाच प्रश्न कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसालाही पडत आला आहे. फरक एवढाच, की जाळी नसली तर पुरण पाट्यावर वाटता येतं. कॉम्प्युटरमधली नको ती फाइल पुसली, तर दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच उठत नाही. काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ उमटते आणि यंत्र मौनव्रत धरतं. या मौनव्रताची ही छोटीशी बखर.

कॉम्प्युटर सुरू होणं ही मुळात भानगड काय आहे, हे मला बी. कॉम.च्या अभ्यासानं शिकवलं नाही, बँकेच्या तिजोरीनं शिकवलं. तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक अधिकाऱ्याकडे, एक हेड कॅशियरकडे. डुप्लिकेट किल्ल्या दुसऱ्याच शाखेत ठेवलेल्या असतात. एकूण काय, किल्ली कुठंही असो, ज्या तिजोरीची ती किल्ली, त्या तिजोरीत ती नसावी. हे कळायला पदवी लागत नाही. पण कॉम्प्युटरची गंमत अशी, की डिस्क कशी वाचायची हे ज्या प्रोग्रॅमला ठाऊक, तो प्रोग्रॅमच डिस्कवर ठेवलेला! किल्ली तिजोरीत आणि तिजोरी बंद.

इंजिनियर मंडळींनी यावर तोड काढली ती अशी. यंत्रात एका चिपवर एक छोटा कायमचा नोकर बसवला. याला फारसं काही येत नाही. डिस्कचं पहिलं पान उघडायचं आणि त्यावर लिहिलंय तसं करायचं, बस्स. हे पान पूर्वी होतं 512 बाइटचं, म्हणजे पोस्टकार्डाएवढा मजकूर. त्या पोस्टकार्डावर पुढच्याला कसं उठवायचं ते असतं, तो त्याच्या पुढच्याला उठवतो. इंग्रजीत या प्रकाराला ‘बूट’ करणं म्हणतात. आपल्याच बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलणं, अशा अर्थाच्या म्हणीवरून तो शब्द आला. आपल्याकडे चपला असल्यामुळे ही म्हण झाली नाही, इतकंच. आता या साखळीतला एक जरी गडी नाहीसा झाला, तरी पुढचे सगळे झोपून राहतात. तुमची पत्रं, हिशेब, फोटो जागच्या जागी सुखरूप असतात. फक्त दार उघडायला कोणी नसतं.

पहिलं पर्व आवरणाऱ्यांचं. आयबीएमचा पीसी आला 1981 साली, आणि 1983 साली त्याच्या एक्सटी नावाच्या धाकट्या भावाबरोबर 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. आज मोबाइलवर काढलेले चार फोटो तिच्यात मावताना मारामार. तेव्हा जागा सोन्याच्या भावाची! डॉस नावाच्या त्या कारभाराचे तीन मुख्य सेवक होते. दोघे लपवून ठेवलेले. तिसरा, कमांड डॉट कॉम, उघड्यावर बसलेला. हे ‘डॉट कॉम’ इंटरनेटवालं नव्हे. हा आपला साधा हुकूम ऐकणारा गडी. यादीत त्याचं नाव पाहून माणसाला वाटे, हा तर मी ठेवलेला नाही, मग कशाला हवाय इथं? पुसला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर ‘बॅड ऑर मिसिंग कमांड इंटरप्रिटर’. म्हणजे दुभाषाच पळाला!

उपाय मात्र सोपा होता आणि तो बाहेरून यायचा. डॉसची फ्लॉपी घालून यंत्र तिच्यावर सुरू करायचं, आणि गेलेला गडी तिच्यातून डिस्कवर उतरवायचा. लपलेले दोघे गेले असतील तर ‘सिस’ नावाची आज्ञा त्यांना परत नेमणुकीवर घ्यायची. शिवाय त्या काळात पुसलेली फाइल खरी पुसली जातच नसे. यंत्र तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडायचं आणि जागा रिकामी झाल्याचं लिहून ठेवायचं. पीटर नॉर्टन यांनी 1982 साली अशा फायली परत आणणारा प्रोग्रॅम विकायला काढला, आणि 1991 साली डॉसच्या पाचव्या आवृत्तीत तशी सोय घरचीच झाली. ती सोय नम्रपणे विचारायची, ‘पहिलं अक्षर काय होतं?’ अट एकच, की मधल्या काळात त्या जागेवर दुसरं काही लिहिलेलं नसावं. म्हणून पुसल्यावर घाबरून दहा बटणं दाबू नयेत, हात मागे बांधून उभं राहावं, हा धडा त्या काळचा. तो बऱ्याच अंशी आजही खरा आहे.

पुढं 2000 साली विंडोजनं घरात आजी आणून बसवली. आपण महत्त्वाची फाइल पुसली, की ही आजी काही न बोलता तिची ठेवणीतली प्रत आणून जागेवर ठेवायची. जुना डबा आपण कचऱ्यात टाकावा आणि संध्याकाळी तो धुऊन पुसून फडताळात दिसावा, तसं.

मग आलं हितचिंतकांचं पर्व. 2001 आणि 2002 साली ई-मेल फिरू लागले, की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अमुक नावाची फाइल आहे, तो व्हायरस आहे, ताबडतोब पुसा आणि सर्व स्नेह्यांना कळवा. त्यातल्या एका फाइलीचं चिन्ह चक्क अस्वलाचं पिल्लू होतं. लोक शोधायचे आणि ती सापडायचीच, कारण ती विंडोजनंच ठेवलेली होती! पुसून झाल्यावर पन्नास जणांना धोक्याची सूचना. नशीब असं, की त्या फायलींवाचून यंत्र सुरू होत होतं. व्हायरस कुठंच नव्हता. रोग फक्त काळजीचा होता आणि तो मित्रांकडून लागत होता.

2007 च्या डिसेंबरात पाहुण्यानं घात केला. आइसलंडच्या एका कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाचा अंतराळयुद्धाचा खेळ आहे. त्याच्या स्वतःच्या एका फाइलीचं नाव होतं ‘बूट डॉट इनी’, आणि विंडोज एक्सपीच्या दार उघडणाऱ्या फाइलीचंही नाव तेच. नवी आवृत्ती बसवताना खेळानं आपली समजून यजमानाची फाइल पुसली. अंतराळात निघालेल्या कित्येकांचं यान अंगणातच बसलं.

आणि 21 एप्रिल 2010 ला तर राखणदारच उलटला. मॅकॅफी कंपनीच्या व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमनं नव्या यादीच्या आधारे विंडोज एक्सपीच्या ‘एसव्हीसीहोस्ट’ या अत्यावश्यक फाइलीलाच चोर ठरवून हलवलं. यंत्रं सुरू व्हायची, बंद पडायची, पुन्हा सुरू व्हायची. ऑस्ट्रेलियात कोल्सची काही दुकानं बंद ठेवावी लागली आणि अमेरिकेतली काही इस्पितळं अडली. शिपायाला चोर समजून हाकललं, आणि सकाळी शाखा उघडायला तोच नाही!

19 जुलै 2024 च्या शुक्रवारी मात्र सगळी बखरच उलटी झाली. क्राउडस्ट्राइक या राखणदार कंपनीनं एक सदोष फाइल जगभर पाठवली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 85 लाख यंत्रं निळी पडली. कंपनीनं सव्वा तासात फाइल मागे घेतली खरी, पण जे यंत्र उठतच नाही त्याला ही बातमी कळवणार कोण? उपाय काय, तर एकेका यंत्रापाशी जायचं, ते कसंबसं ‘सेफ मोड’मध्ये उठवायचं आणि ती फाइल पुसायची. चाळीस वर्षं जे करू नका म्हणून सांगितलं, तेच औषध ठरलं! काही ठिकाणी कुलूपबंद डिस्क उघडायला 48 आकडी किल्ली हवी होती, आणि ती किल्ली ज्या सर्व्हरवर ठेवलेली, तोही निळा. आली का तिजोरी परत?

आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, की 10 बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा झाला. हस्ताक्षराची किंमत त्या दिवशी थोडी वधारली, याचा एक कारकून म्हणून मला आनंद झाला नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल.

या सगळ्या बखरीत एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. फ्लॉपी असो, सीडी असो की 2024 साली यंत्रायंत्रापाशी धावणारा तो रात्रपाळीचा तंत्रज्ञ असो. बंद पडलेल्याला उठवणारं कुणीतरी बाहेरून यावं लागलं. आपल्याच चपला धरून स्वतःला उचलणं यंत्रालाही पुरतं जमलेलं नाही, मग तुमची-माझी काय कथा? तेव्हा मंडळी, कॉम्प्युटर धडधाकट आहे तोवरच रिकव्हरीचा एक पेन ड्राइव्ह तयार करून ठेवावा, महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत अन्यत्र असू द्यावी, आणि 48 आकड्यांची ती किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवावी.

फक्त दिवाळीच्या आधी ते कपाट कोण आवरणार आहे, एवढं विचारून घ्यावं.