यंत्र आणि वादकाचा हात

१९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने आयबीएम ७०४ या संगणकाकडून १७ सेकंदांची एक संगीतरचना सिद्ध करविली. परंतु तीत वादकाच्या हाताला स्थान नव्हते. स्वरांचे आकडे आधी लिहून द्यावयाचे आणि नाद मागाहून ऐकावयाचा. ऐकता ऐकता स्वर किंचित लांबवावा, लय सावरावी, ही जी वादनाची खरी कला, तिला तेथे वाव नव्हता.

ही उणीव मॅथ्यूज यांनीच भरून काढली. एफ. आर. मूर यांच्यासह त्यांनी रचलेल्या 'ग्रूव्ह' या योजनेची माहिती १९७० साली प्रसिद्ध झाली. तीत ध्वनी उत्पन्न करणारी विद्युत्-उपकरणे तारा खोचून परस्परांस जोडीत. जोडणी बदलली की नादही बदले. फिरविण्याची बटणे, एक दांडी आणि पेटीसारख्या पट्ट्या यांवर वादकाचे हात चालत. संगणक ध्वनी साठवीत नसे, त्या हातांच्या हालचाली साठवी. म्हणून वादन पुन्हा ऐकून हवे तेथे सुधारता येई.

१९८३ साली आलेल्या 'मिडी' या संकेतातही हेच तत्त्व दिसते. त्यातून ध्वनी जात नाही. कोणती पट्टी केव्हा व किती जोराने दाबली, अशा प्रकारची माहिती जाते. गणिताचा भार यंत्राने उचलला, तरी स्वर कोठे थांबवावा हा निर्णय वादकाच्या हाती राहू शकतो.