तारण

ओझरच्या द्राक्षबागायतदाराला ‘तारण’ म्हटलं की बँक आठवते: सातबारा, बोजा, जामीनदार. तिथून वीसेक किलोमीटरवर नाशिकच्या शरणपूरला मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती वसाहत उभारली. तिथल्या प्रार्थनेत हाच शब्द पापातून सुटका सांगतो.

मूळ एकच, संस्कृत ‘तॄ’ म्हणजे पार जाणे. ‘तरणे’चं प्रयोजक ‘तारणे’. सावकाराचा पैसा बुडू देत नाही ते तारण. माणसाला बुडू देत नाही तो तारणारा.

गंमत पुढे आहे. बायबलमधल्या इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात तारण हे कर्मांचं फळ नसून कृपेनं मिळालेलं देवाचं दान ठरतं. बँकेच्या भाषेत, विनातारण मंजुरी! सोळाव्या शतकातल्या जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्विननं तर अर्जाचीही सोय ठेवली नाही: कोणाला तारायचं, ही निवड देवानं जगाच्या उत्पत्तीपूर्वीच केली, असं त्याचं म्हणणं.