लिहिल्या न गेलेल्या सेवेचा इतिहास

गंगाखेडच्या जनाबाईने नामदेवांच्या घरी दळणकांडण केले, शेणी वेचल्या, पाणी भरले, हे आपणां गोदाकाठच्या बायकांना नव्याने सांगावयास नको. परंतु एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. जनीने आपल्या अभंगांच्या शेवटी स्वतःचे नाव घातले. ते तिने घातले नसते, तर इतक्या शतकांनंतर त्या घरात दळण कोणी दळले हे कोणास ठाऊक असते? घरात पीठ असतेच, असे सर्वजण धरून चालतात. ते कोठून येते हे विचारण्याची चाल नाही.

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त लुथरन मंडळीतील स्त्रियांची भक्ती, सेवा व कला यांविषयी मी चार शब्द लिहावे असे ठरले, तेव्हा प्रथम मला जनीचीच आठवण झाली. तिने केले ते फार थोड्या जणींनी केले आहे.

आपल्या मंडळात येणाऱ्या सर्वच भगिनी ख्रिस्ती नाहीत, म्हणून आधी थोडा खुलासा करते. 'मंडळी' म्हणजे आम्हां ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात एका श्रद्धेने एकत्र आलेला समाज, ज्याला आपण चर्च म्हणतो तो. त्यांपैकी लुथरन मंडळी ही जर्मनीतील मार्टिन लुथर यांच्या नावाने ओळखली जाते. इ. स. १५१७ साली विटेनबर्ग गावी त्यांनी धर्मसुधारणेचा वाद सुरू केला आणि १५२२ मध्ये नवा करार लोकांच्या जर्मन भाषेत आणला. उपासनेत सर्वांनी, बायकामुलांनीसुद्धा, आपल्या भाषेत गावे असा त्यांचा आग्रह होता. त्याच शतकात आपल्याकडे पैठणास एकनाथमहाराज संस्कृतातले धन मराठीत आणीत होते. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती, पण दोघांच्याही कामाचा लाभ प्रथम झाला तो ज्यांना पंडितांची भाषा येत नव्हती त्यांना. म्हणजे बहुतांशी बायकांनाच.

लुथरची गोष्ट सर्व पुस्तकांत आहे. त्याच्या घराची गोष्ट मात्र शोधावी लागते. कॅथरिना फॉन बोरा ही लहानपणापासून जोगिणींच्या मठात वाढलेली. १५२३ च्या ईस्टरच्या सुमारास ती काही सोबतिणींसह मठातून निसटली. मठाला मासळीची पिंपे पुरविणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या गाडीतून त्या बाहेर पडल्या असे सांगतात. १३ जून १५२५ रोजी तिचा लुथरशी विवाह झाला आणि एक भला मोठा रिकामा मठ तिच्या संसारास मिळाला. तिने तो कसा चालविला हे पाहिले म्हणजे आपल्याकडील वाड्यातल्या एखाद्या कर्त्या बाईची आठवण होते. बाग, डुकरे, मासळीचे तळे, पुढे एक शेत, त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे घरी गाळलेली बीअर, सहा मुले, नात्यातली पोरकी मुले, पैसे देऊन राहणारे विद्यार्थी, न देता राहणारे पाहुणे, आणि साथ आली म्हणजे घरातच केलेले आजाऱ्यांचे बिछाने. लुथर थट्टेने तिला 'श्रीमान केटी' म्हणत. हिशेब तिच्याच हाती होता. नवऱ्याच्या हाती दिला असता तर तो पहिल्या याचकाबरोबर गेला असता, इतका त्यांचा हात सैल होता!

आता यातली गंमत पाहा, गंमत म्हणावी की खंत म्हणावी ते ज्याने त्याने ठरवावे. तिच्या मेजावर जेवावयास बसणारे विद्यार्थी जेवताना लुथरचे बोलणे टिपून घेत. त्या टिपणांचे मोठे पुस्तक १५६६ साली छापले गेले व आजही वाचले जाते. लुथरने बायकोला लिहिलेली वीसएक पत्रे जपून ठेवली गेली. आणि तिने लुथरला लिहिलेली? त्यांतले एकही शिल्लक नाही. मेज तिचे, अन्न तिचे, पत्रे मात्र कोणी ठेवली नाहीत. १५४६ साली लुथर वारले. आपल्यामागे सारे बायकोचे असावे असे मृत्युपत्र त्यांनी केले होते, पण ते कायद्याच्या रीतीत बसत नव्हते, आणि वर्षानुवर्षे घर चालविणाऱ्या त्या बाईला घरासाठी झगडावे लागले. पुढे युद्धामुळे दोनदा गाव सोडावा लागला. परत येऊन तिने कर्ज काढले, पुन्हा विद्यार्थी जेवावयास ठेवले. १५५२ मध्ये साथीमुळे पळताना गाडीचा अपघात झाला आणि त्याच वर्षाच्या २० डिसेंबरला तोर्गाऊ गावी तिचा अंत झाला.

त्याच विटेनबर्गात एलिझाबेथ क्रुसिगर नावाची दुसरी एक स्त्री होती, तीही मठातून आलेली. लुथरन मंडळीच्या अगदी पहिल्या गीतसंग्रहांत, १५२४ साली, तिचे एक गीत छापले गेले व ते आजतागायत गायिले जाते. मात्र पुढे कित्येकांनी ते एका पुरुषाच्या नावावर घालण्याचा यत्न केला. बाईने असे गीत रचले असेल हे पटेना, दुसरे काय!

भारतात लुथरन मंडळीचे पाऊल १७०६ साली तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीस पडले. मराठी मुलखास लागून छिंदवाडा, बैतूल, सागर या बाजूस स्वीडनची लुथरन मिशन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. पण आपल्याला नात्याने जवळची म्हणावी ती तेलुगू मुलखातली. नांदेडच्या घाटावरून जी गोदामाई पुढे जाते व लातूरकडची मांजरा जिला वाटेत मिळते, तीच खाली राजमहेंद्रीस पोहोचते. राजमहेंद्री आणि तिच्या पलीकडे गुंटूर ही लुथरन मंडळीची जुनी ठाणी होत. गुंटूरला अमेरिकन लुथरन मिशन १८४२ साली सुरू झाली, राजमहेंद्रीस त्यानंतर लवकरच. त्यांतून १९२७ साली आंध्र इव्हँजेलिकल लुथरन चर्च अस्तित्वात आले.

गुंटूरच्या डॉक्टर अ‍ॅना कुग्लर यांची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे. १८५६ साली पेनसिल्व्हेनियात जन्म, १८७९ साली तेथील स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून पदवी. त्यांनी मिशनकडे डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात जाण्याची इच्छा कळविली, तेव्हा वैद्यकीय कामाची वेळ अजून आलेली नाही असे उत्तर मिळाले व शाळा आणि जनाना यांच्या कामावर त्यांची नेमणूक झाली. १८८३ च्या अखेरीस त्या गुंटूरला पोहोचल्या. दिवसभर नेमून दिलेले शिकविण्याचे काम करावयाचे आणि त्यातून वेळ काढून औषध द्यावयाचे, असे त्यांनी चालविले. माजघरातल्या बाईला पुरुष डॉक्टरपुढे आणण्याची चाल नव्हती. बाळंतपणात अडलेल्या बाईने सुईणीच्या भरवशावर राहावयाचे, आणि तो भरवसा संपला म्हणजे देवाच्या. अशा ठिकाणी नाडी पाहणारी बाई आली आहे ही बातमी पसरावयास कितीसा वेळ लागणार? १८८५ साली त्यांची डॉक्टर म्हणून रीतसर नेमणूक झाली. मग दवाखाना निघाला आणि १८९८ साली स्त्रिया व मुले यांचे रुग्णालय उघडले. १९३० साली गुंटूरलाच त्यांचे देहावसान झाले, आणि रुग्णालयाला त्यांचे नाव मिळाले.

राजमहेंद्रीसही १८९० पासून अशाच स्त्रिया आल्या. त्यांची नावे मिशनच्या इतिहासांत आहेत व ती असावीतच. पण या परदेशी बाया घरोघर गेल्या त्या एकट्या गेल्या काय? त्यांच्यापुढे चालणारी, वाट दाखविणारी, दार उघडणाऱ्या सासूशी तिच्याच बोलीत बोलणारी एक तेलुगू बाई असे. तिला 'बायबल वुमन' म्हणत. पुष्कळदा ती विधवा असे. मोठेपणी अक्षरे शिकून ती दुसरीला शिकवी, आजाऱ्याजवळ बसे, ओळखीच्या चालीवर गीत म्हणे. आजाऱ्याला दवाखान्यापर्यंत आणण्यासाठी घरच्या लोकांचे मन वळवावयाचे, हे डॉक्टरीपेक्षा अवघड काम तिच्याच वाट्याचे. अहवालांत मात्र अनेकदा तिचा आकडा आहे, नाव नाही. इतक्या शाळा, इतके रोगी, इतक्या बायबल वुमन! दक्षिणेतील अनेक मंडळ्यांत बायका रोजच्या स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवीत व आठवड्याने ते मंडळीसाठी नेऊन देत. त्या मुठी कोणी मोजल्या असतील, असे मला वाटत नाही.

आता वरच्या अंगाला, गोदावरीच्या उगमाकडे वळू. नाशिकजवळच्या जलालपुरात १८६८ साली लक्ष्मीबाई टिळक जन्मल्या. त्या लुथरन नव्हत्या. नगरची अमेरिकन मराठी मिशन निराळ्या परंपरेची होती. पण कॅथरिनाच्या घराशी इतके मिळतेजुळते दुसरे घर मराठीत मला ठाऊक नाही. अकराव्या वर्षी लग्न, शाळेचे तोंड पाहिलेले नाही, अक्षरओळख नवऱ्याने करून दिलेली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई दूर राहिल्या, सोवळे पाळीत राहिल्या, रडल्या, रागावल्या. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्याही ख्रिस्ती झाल्या, पण ते नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी स्वतःशी निवाडा केला, सर्वांच्या हातचे खावयाचे ठरविले, आणि मग त्यांचे पुढचे पाऊल पडले.

घर कसे? तर दारी सदा पाहुणे, विद्यार्थी, पोरकी मुले. आणि पैसा हाती आला की वाटून मोकळे होणारे यजमान. बालकवी ठोमरेही काही काळ या घरी मुलासारखे राहिले. इकडे टिळक शेकडो ख्रिस्ती गीते व अभंग लिहीत होते. ती आजही मराठी मंडळ्यांत उपासनेला म्हटली जातात, आपल्या नांदेड-लातूरकडेही म्हटली जातात. तिकडे भाकऱ्यांचा हिशेब लक्ष्मीबाईंकडे. कविता त्याही करीत. एका कवितेला त्यांनी 'करंज्यातील मोदक' असे नाव दिले. ज्या बाईने करंज्या व मोदक दोन्ही शेकड्यांनी वळले असतील, तिलाच असे नाव सुचावयाचे.

टिळक १९१९ साली वारले. येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे 'ख्रिस्तायन' त्यांनी हाती घेतले होते, त्याचे दहा-अकरा अध्याय होऊन ते थांबले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेत न गेलेल्या बाईने! ओवी जात्यावरची, ती तिला शिकवावी लागली नाही. एवढे मोठे काम, पण लक्ष्मीबाईंच्या नावाबरोबर ते कोणाला आठवत नाही.

आठवते ते 'स्मृतिचित्रे'. टिळकांचे चरित्र लिहावयाचे म्हणून मुलाने, देवदत्तांनी, आईला त्यांच्या आठवणी लिहून काढण्यास सांगितले. लक्ष्मीबाई लिहावयास बसल्या नवऱ्याविषयी. पण नवऱ्याविषयी लिहावयाचे तर घराविषयी आले, घराविषयी म्हटले की चूल आली, भांडण आले, उपास आले, हसणेही आले, आणि या सर्वांत स्वतः त्या आल्या. १९३४ ते १९३६ या काळात ते पुस्तक भागाभागाने बाहेर पडले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. आज मराठीतले पहिल्या प्रतीचे आत्मचरित्र म्हणून त्याचे नाव घेतात. कॅथरिनाने असे एक पुस्तक लिहिले असते तर! 'ख्रिस्तायन' १९३८ साली छापून निघाले. ते पाहावयास त्या नव्हत्या.

म्हणून आपल्या भगिनींपाशी एक मागणे आहे. आपल्यापैकी कित्येकींच्या घरी आईची किंवा सासूची गाण्यांची वही असेल. नाताळात फेरीला म्हणावयाची गीते, बाळंतिणीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, वाकळीला लावावयाच्या ठिगळांची मापे, फराळाचे प्रमाण, कोणाला किती पीठ उसने दिले त्याची नोंद, असे सर्व एकाच वहीत असते. ती वही, ख्रिस्ती घरची असो वा अन्य कोणाची, मंडळाच्या कपाटात चार दिवस ठेवावयास द्यावी. तिची नक्कल करून घेऊ व ती जशीच्या तशी परत करू. लिहिणारीचे पूर्ण नाव आणि माहेरचे गाव पहिल्या पानावर आवर्जून घालावे. तेलाचे, हळदीचे डाग असतील तर असू द्यावेत.